नॅनोवर संशोधन सुरू करताय? विद्यापीठाच्या ग्रंथालयातून साहित्य असं शोधा

गूगल स्कॉलरवर ‘नॅनोपार्टिकल’ एवढाच शब्द टाकला की लाखोंनी निकाल येतात. पहिल्या पानावरचे दहा पेपर उतरवून घ्यायचे, त्यांतले चार चाळायचे आणि सिनॉप्सिसमधला (पीएचडीच्या आराखड्यातला) साहित्य आढावा त्यांच्यावर उभा करायचा, ही नवख्यांची नेहमीची वाट. मग संशोधन समितीपुढे कोणीतरी शांतपणे विचारतं, “हे ऐंशीच्या दशकात झालेलं काम आहे, पाहिलंत का?” आणि उत्तर नसतं.

नॅनोतंत्रज्ञानात साहित्य भरपूर आहे, पण ते एका जागी नाही. एकाच पदार्थावरचं काम भौतिकशास्त्रवाले एका नावाने छापतात, रसायनवाले दुसऱ्या, आणि कामगारांच्या आरोग्यावर काम करणारे तिसऱ्याच. ग्रंथालयाचा खरा उपयोग इथे होतो. तिथे वर्गीकरण आहे, पेटंटचे वर्ग आहेत, पदार्थांचे नोंदणी क्रमांक आहेत. शब्द फसवतो तेव्हा हे क्रमांक वाट दाखवतात.

हवेत बोलायला नको म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरू. समजा, तुम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नव्याने आला आहात. इचलकरंजीतल्या कापड प्रक्रिया उद्योगातून निघणारं रंगीत सांडपाणी डोळ्यांसमोर आहे, आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण वापरून प्रकाशाच्या मदतीने त्यातला रंग मोडायचा, असा विषय मार्गदर्शकांनी सुचवला आहे. चाचणीसाठी रंग नेहमीचाच, मिथिलीन ब्लू.

१. आधी प्रवेशाची सोय करा

ग्रंथालयाचं कार्ड काढताना तिथेच कॅम्पसबाहेरून वापरायचा लॉगिनही मागून घ्या. बहुतेक विद्यापीठांत तो इन्फ्लिबनेट या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राच्या ‘इनफेड’ या व्यवस्थेतून मिळतो. कॅम्पसच्या वायफायवर असताना प्रकाशकाचं संकेतस्थळ तुमचं विद्यापीठ आपोआप ओळखतं. घरी गेल्यावर तोच पेपर पैसे मागू लागला, की हा लॉगिन कामाला येतो.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना समजून घ्या, कारण तिने राज्य विद्यापीठांचं चित्र बदललं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा पसारा आहे. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी हे नॅनोसाठी महत्त्वाचे प्रकाशक त्यात आहेत.

मात्र ही योजना नियतकालिकांसाठी आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारखे शोध-डेटाबेस तिच्यातून मिळत नाहीत. ते विद्यापीठाने वेगळे घेतले असतील तरच दिसतील. म्हणून ग्रंथपालांना नेमकं विचारा: आपल्याकडे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स आहे का? रसायनशास्त्राचा सायफाइंडर हा डेटाबेस आहे का? ई-पुस्तकं कोणत्या प्रकाशकांची घेतली आहेत? तुम्ही अनुदानित खासगी महाविद्यालयात असाल तर ‘एन-लिस्ट’बद्दल विचारा, ती महाविद्यालयांसाठीची वेगळी योजना आहे. आणि ज्या विद्यापीठातून पीएचडी करताय, तिथल्या ग्रंथालयाचं सदस्यत्वही घ्या. अनेकजण हे टाळतात आणि वर्षभर अडतात.

२. ‘नॅनो’ सोडून बाकीचे शब्द गोळा करा

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे आणि सगळ्यात जास्त फळ देणारीही. एक पूर्ण दुपार यासाठी ठेवा.

‘नॅनो’ पुढे तारांकन (*) लावून शोध घेतला की त्या अक्षरांनी सुरू होणारं सगळं येतं, असं नवख्यांना शिकवलं जातं. येतं खरं, पण काय काय येतं ते पाहा. नॅनोसेकंदाचे लेसर, नॅनोग्रॅममध्ये मोजलेली औषधं, समुद्रातलं नॅनोप्लँक्टन. आणि सगळ्यांत गमतीचं म्हणजे सोडियम नायट्रेट. त्याचं रासायनिक सूत्र इंग्रजीत लिहिलं की पहिली चार अक्षरं एन, ए, एन, ओ अशीच येतात, आणि लहानमोठ्या अक्षरांचा फरक डेटाबेस पाहत नाही. आपल्या उदाहरणात तर झिंक नायट्रेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड घेऊन झिंक ऑक्साइड बनवताना सोडियम नायट्रेट उरतंच, त्यामुळे हा कचरा हमखास येणार. नॅनो संशोधनाची मोजदाद करणारे अभ्यासक हे शब्द आधीच वगळतात, तुम्हीही ‘नॉट’ वापरून वगळा.

उलट बाजूची अडचण जास्त गंभीर आहे. ‘नॅनो’ हा शब्द ज्यांच्या शीर्षकातच नाही असे महत्त्वाचे पेपर तुम्हाला दिसतच नाहीत. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर लिहिलं ते सोन्याचा प्रकाशाशी असलेला संबंध म्हणून. तुर्केविच आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, ज्याच्या पद्धतीने आजही प्रयोगशाळांत सोन्याचे नॅनोकण बनवतात, तो ‘कोलॉइडल गोल्ड’ या नावाखाली आहे. नॅनोटेक्नॉलॉजी हा शब्दच नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला, आणि रुळायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. आपल्या झिंक ऑक्साइडचंच घ्या. बानमान, कॉर्मान आणि हॉफमान यांचा १९८७ चा पेपर या विषयाच्या पायाभूत कामांपैकी आहे, आणि त्याच्या शीर्षकात ‘क्वांटम-साइझ झिंक ऑक्साइड’ असं आहे. नॅनो कुठेच नाही.

तेव्हा कोऱ्या कागदावर चार रकाने पाडा: पदार्थ, रूप, प्रक्रिया, कशावर.

पदार्थाच्या रकान्यात झिंक ऑक्साइड, त्याचं सूत्र आणि ‘वुर्ट्झाइट’ हे स्फटिकरचनेचं नाव. रूपाच्या रकान्यात नॅनोपार्टिकल, नॅनोरॉड, नॅनोशीट, नॅनोक्रिस्टलाइन, त्यांच्याखाली जुने शब्द: कोलॉइड, क्वांटम साइझ, अल्ट्राफाइन, फाइन पार्टिकल, क्लस्टर, सोल, थिन फिल्म. प्रक्रियेत फोटोकॅटॅलिसिस, फोटोडिग्रेडेशन, फोटोऑक्सिडेशन, ‘अॅडव्हान्स्ड ऑक्सिडेशन’. चौथ्यात मिथिलीन ब्लू, अॅझो डाय, टेक्स्टाइल एफ्लुएंट. अर्थात डेटाबेसमध्ये हे सगळं इंग्रजीत टाइप करायचं आहे.

एका रकान्यातले शब्द आपसांत ‘ऑर’ने जोडा आणि कंसात टाका. मग चारही कंस ‘अँड’ने जोडा. दोन-तीन शब्द मिळून होणारी संज्ञा अवतरणचिन्हांत हवी. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये शब्दाच्या मुळाला तारांकन चालतं, गूगल स्कॉलरमध्ये ते चालत नाही. तिथे प्रत्येक रूप वेगळं लिहा. शोध आधी शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढ्यापुरताच ठेवा. पूर्ण मजकुरात शोधलं की ज्या पेपरमध्ये झिंक ऑक्साइडचा उल्लेख फक्त प्रस्तावनेत आहे तोही गळ्यात पडतो.

हा कागद फेकू नका. तुमची शोधाची ओळ, तारीख, डेटाबेस आणि निकालांची संख्या लिहून ठेवली की आढावा लिहिताना ‘साहित्य कसं निवडलं’ हा परिच्छेद तयारच असतो.

३. कपाटापर्यंत जा

पायाभूत गोष्टी पेपरमधून शिकता येत नाहीत, पुस्तक लागतं. ड्युई दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात नॅनोतंत्रज्ञान ६२०.५ या क्रमांकाला आणि नॅनोरचनांचे पदार्थ ६२०.११५ च्या आसपास असतात. पण झिंक ऑक्साइडच्या कणांचं पृष्ठरसायन ५४१.३४५ ला, कोलॉइड रसायनात सापडेल, आणि त्याची बँड गॅप, म्हणजे कोणता प्रकाश तो शोषेल हे ठरवणारं ऊर्जेचं अंतर, ५३०.४१ ला, घन अवस्थेच्या भौतिकशास्त्रात. तीन वेगळी कपाटं, बहुतेक वेळा दोन वेगळे मजले. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर, फक्त ‘नॅनो’ टाकणाऱ्याला शेवटची दोन कधीच भेटत नाहीत.

सुरुवातीला पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवलेल्या सुलभा कुलकर्णी यांचं नॅनोटेक्नॉलॉजीवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक घ्या. भौतिक, रासायनिक आणि जैविक अशा तिन्ही निर्मितीपद्धती एकाच ठिकाणी वाचायला मिळतात आणि भाषा आपल्या विद्यार्थ्यांना झेपणारी आहे.

४. एक आढावा-लेख, मग मागे आणि पुढे

निकालांची यादी वरून खाली वाचत बसू नका. डेटाबेसमध्ये ‘रिव्ह्यू’ हा गाळणीचा पर्याय निवडा आणि दोन आढावा-लेख काढा, एक अलीकडचा आणि एक पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. जुना मुद्दाम सांगतोय. त्यात त्या काळी कोणते प्रश्न सुटले नव्हते ते लिहिलेलं असतं, आणि त्यांतले काही आजही सुटलेले नसतात.

मग मागे जा: आढाव्याच्या संदर्भसूचीत जो पेपर पुन्हा पुन्हा येतो तो काढा. आणि पुढे या: त्या पेपरखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली की त्याला नंतर कोणी कोणी उद्धृत केलं ते दिसतं. १९८७ च्या त्या झिंक ऑक्साइडच्या पेपरपासून पुढे येत गेलात तर शब्दांचा प्रश्नच मिटतो, कारण उद्धरणाची साखळी शब्द पाहत नाही. माझ्या मते नवख्याने कीवर्डच्या शोधापेक्षा या साखळीवर दुप्पट वेळ द्यावा.

५. शोधगंगा

पेपरमध्ये ‘द्रावण ढवळलं आणि गाळलं’ एवढंच असतं. किती वेळ ढवळलं, पीएच किती होता, भट्टीचं तापमान किती वेगाने वाढवलं, हे प्रबंधात असतं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठांनी प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं सुरू केलं आणि ते इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर कोणालाही विनामूल्य उघडता येतात. प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात, त्यामुळे प्रयोगपद्धतीचं प्रकरण तेवढं उतरवता येतं.

शोधगंगेतला शोध ढोबळ आहे, त्यावर फार विसंबू नका. विद्यापीठ आणि विभाग निवडून याद्या चाळणं जास्त उपयोगी. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवण्याच्या कामाची जुनी परंपरा आहे, आणि त्या प्रबंधांच्या शीर्षकात अनेकदा ‘थिन फिल्म’ असतं. थरातले कण नॅनो आकाराचे असले तरी शीर्षकात तसं म्हटलेलं नसतं. तुमच्याच इमारतीत झालेलं काम असं नजरेआड राहू शकतं.

शेजारची ‘शोधगंगोत्री’ही पाहा. तिथे पीएचडीला नोंदणी झालेल्यांचे आराखडे असतात, म्हणजे कोणी तुमच्याच विषयावर आत्ता काम करतंय का याचा अंदाज येतो.

६. पेटंट

विद्यापीठातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पेटंट ही इंजिनिअरिंगवाल्यांची गोष्ट वाटते. सांडपाण्याच्या विषयात हे महागात पडतं, कारण प्रत्यक्ष संयंत्रं बनवणारे लोक पेपर लिहितातच असं नाही.

पेटंटमध्ये शब्दांचा घोळ मुद्दाम घातलेला असतो. वकील नेहमी व्यापक शब्द निवडतात. म्हणून वर्गाने शोधा. नॅनोरचनांच्या उपयोगांसाठी बी८२वाय हा वर्ग आहे, उत्प्रेरकांसाठी बी०१जे, पाण्याच्या शुद्धीकरणासाठी सी०२एफ आणि झिंक ऑक्साइड या पदार्थासाठी सी०१जी ९/०२. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या ‘एस्पासनेट’वर बी८२वाय आणि सी०२एफ एकत्र टाका, यादी एकदम आटोपशीर होते. मग बी८२वाय काढून सी०२एफ आणि सी०१जी ९/०२ ठेवा, आणि काय नवीन आलं ते पाहा. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचं ‘इनपास’ आहे. दोन्ही विनामूल्य. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, हा उशीर लक्षात ठेवा.

७. पेपर नसलेली साधनं

तुमचा पहिला एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीचा) आलेख येईल तेव्हा सीनिअर म्हणतील, “जेसीपीडीएस कार्ड ३६-१४५१ शी जुळवून बघ.” हे वुर्ट्झाइट झिंक ऑक्साइडचं प्रमाण कार्ड. जेसीपीडीएस या संस्थेचं नाव १९७८ मध्येच आयसीडीडी झालं, पण प्रयोगशाळेत जुनंच नाव चालतं. तो डेटाबेस विकत घ्यावा लागतो. विभागात किंवा उपकरण केंद्रात आहे का ते विचारा. नसेल तर ‘क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस’मधून रचनेची फाइल विनामूल्य घेऊन आलेख तयार करता येतो.

पदार्थाची माहिती आणि धोके ‘पबकेम’वर पाहा. झिंक ऑक्साइडचा कॅस क्रमांक, म्हणजे रासायनिक पदार्थाचा नोंदणी क्रमांक, १३१४-१३-२. मात्र हा क्रमांक नॅनो भुकटीलाही तोच आणि साध्या भुकटीलाही तोच, त्यामुळे बाटलीसोबत आलेलं सुरक्षापत्रक नॅनो रूपासाठी लिहिलंय असं गृहीत धरू नका. श्वासावाटे होणाऱ्या परिणामांवर शोधताना ‘अल्ट्राफाइन’ हा शब्द लागतो. कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी मर्यादा सुचवल्या, त्या ‘फाइन’ कणांसाठी दर घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम आणि ‘अल्ट्राफाइन’साठी ०.३ मिलिग्रॅम अशा आहेत.

मानकांकडे फार कमी लोक वळतात. आयएसओची नॅनोसाठी वेगळी समिती आहे, टीसी २२९, ती २००५ मध्ये स्थापन झाली, आणि तिने ठरवलेल्या संज्ञा आयएसओच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. साधारण १ ते १०० नॅनोमीटर ही व्याख्या तिथलीच. पण तुम्हाला हवं ते मानक या समितीकडे नाहीच. मिथिलीन ब्लू वापरून प्रकाश-उत्प्रेरण कसं मोजायचं याचं मानक आयएसओ १०६७८, पहिल्यांदा २०१० मध्ये आलेलं, ‘फाइन सिरॅमिक्स’खाली आहे. आणि ते उत्प्रेरक पृष्ठभागांसाठी आहे, पाण्यात घोळलेल्या भुकटीसाठी नाही. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे रंग उडाला म्हणजे उत्प्रेरकानेच काम केलं असं म्हणता येत नाही, ही टीका तुमच्या तोंडी परीक्षेत येणारच. तिच्यावरचे पेपर याच टप्प्यावर काढून ठेवा.

८. हवा तो पेपर मिळत नसेल तर

आधी ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचं विनामूल्य साधन लावा. लेखकाने किंवा संस्थेने कायदेशीरपणे खुली ठेवलेली प्रत असेल तर ते दाखवतं. छापण्याआधीच्या खुल्या प्रतींपैकी भौतिकशास्त्राकडे झुकणारे पेपर ‘अर्काइव्ह’वर सापडतात, रसायनाचे ‘केमअर्काइव्ह’वर. तरी नाही मिळाला तर ग्रंथपालांना मेल करा, आणि त्यात डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक), पहिला लेखक, वर्ष, खंड आणि पानं एवढं लिहा. “झिंक ऑक्साइडवरचा तो पेपर” अशा मागणीवर कोणीही काही करू शकत नाही. विद्यापीठ ‘डेलनेट’चं सदस्य असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत येऊ शकते. लेखकाला दोन ओळींची नम्र मेल पाठवणं हाही चांगला मार्ग, आणि त्यातून ओळखही होते.

पैसे न देता पेपर उतरवू देणाऱ्या साय-हब या बेकायदा संकेतस्थळाचा विषय निघतोच. त्याच्याविरुद्ध एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. विद्यापीठाच्या जाळ्यावरून त्याच्या नादी लागू नका. आणि सॉफ्टवेअर लावून एका रात्रीत शेकडो पेपर उतरवणं तर मुळीच नको. प्रकाशकाला संशय आला की तो सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवतो, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना प्रत्येक विभागाचे फोन येतात.

९. साठवण आणि सूचना

संदर्भ साठवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. ते विनामूल्य आहे आणि मागे घेतलेल्या पेपरवर लाल खूण दाखवतं. नॅनोपदार्थांच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत फेरफार केल्याने मागे घेतलेले पेपर कमी नाहीत, तेव्हा ही खूण महत्त्वाची. नियतकालिक नवखं वाटलं, विशेषतः नावात ‘नॅनो’ आणि ‘इंटरनॅशनल’ दोन्ही असतील, तर संपादक मंडळ खरं आहे का ते पाहा आणि ग्रंथपालांचं मत घ्या. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे’ हे उत्तर आता पुरत नाही.

शेवटी, दुसऱ्या पायरीत तयार केलेली शोधाची ओळ स्कोपसमध्ये किंवा गूगल स्कॉलरमध्ये सूचनेसाठी जतन करा, म्हणजे नवे पेपर मेलवर येतील. तीन-चार महत्त्वाच्या पेपरांना कोणी उद्धृत केलं तर कळावं, अशी वेगळी सूचनाही लावा. मेल फार येऊ लागले तर चौथा कंस घट्ट करा: ‘अॅझो डाय’ काढा, ‘टेक्स्टाइल एफ्लुएंट’ ठेवा.